‘गेम ऑफ डेथ’मधल्या चुका: कशाला कंटिन्युइटीची चूक म्हणायचं आणि कशाला नाही?

चित्रचौकट (धागाकर्ता)

फिल्म क्लबमध्ये ब्रूस लीचा ‘गेम ऑफ डेथ’ (१९७८) दाखवायचा आहे. सोबत चार पानी टिपण द्यायचं ठरलंय आणि त्यात चुकांवर वेगळा भाग हवा आहे. जालावरच्या याद्या चाळल्या तर सगळं एकाच टोपलीत टाकलेलं दिसतं: आरशावरचा पुठ्ठ्याचा चेहरा, काळे चष्मे, ओठ आणि संवाद न जुळणं, एकच लाथ दोनदा बसणं, मारामारी मध्येच वेगवान होणं. यातल्या नेमक्या कशाला कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना सलगता मोडण्याची, चूक म्हणायचं?

‘फिस्ट ऑफ फ्युरी’ची (१९७२) शेवटची उडी या सिनेमात वापरली आहे, म्हणून तोही आदल्या आठवड्यात लावणार आहोत. त्यातल्या ऐतिहासिक चुका कुणी सांगेल का? ‘त्या काळी असं नव्हतं’ एवढ्यावर भागणार नाही. काय नव्हतं आणि त्याजागी काय होतं, तेही हवं आहे.

आणि नोंद अशी कशी करायची, की वाचणाऱ्याला ती जागा लगेच सापडेल?

---

संकलनवेडा

या सिनेमातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे आणि ते टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. ब्रूस लीने पॅगोड्याच्या मजल्यांवरच्या मारामाऱ्या १९७२च्या उत्तरार्धात चित्रित केल्या, मग ‘एंटर द ड्रॅगन’साठी काम थांबवलं आणि २० जुलै १९७३ला तो गेला. वय ३२. पुढे दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउजने नवीन कथा रचून सिनेमा पुरा केला. दीड तासाहून मोठ्या सिनेमात लीने या चित्रपटासाठी स्वतः केलेलं काम सुमारे ११ मिनिटांचं आहे. उरलेल्या वेळात मुख्यतः किम ताई-चुंग हा कोरियन डुप्लिकेट दिसतो, कोलांट्या आणि उड्यांना युएन बियाओ. नव्या मारामाऱ्यांची आखणी सॅमो हंगची.

म्हणजे एका सिनेमात १९७२चं साहित्य, १९७८चं साहित्य आणि लीच्या जुन्या सिनेमांमधले तुकडे असं तीन ठिकाणचं कापड शिवलं आहे. चुका शोधायच्या त्या या शिवणीवर. डुप्लिकेट पाठमोरा किंवा अंधारात, पुढच्या शॉटला लीचा जुना क्लोजअप, पुन्हा डुप्लिकेट, अशी जोडणी आली की तीन गोष्टी तपासा: केसांची लांबी, चेहऱ्यावर उजेड कुठल्या बाजूने पडतोय, आणि चित्राचा दाणा (ग्रेन). जुन्या निगेटिव्हवरून प्रत काढून घातलेला तुकडा शेजारच्या शॉटपेक्षा जाड दाण्याचा दिसतो. केस तर लपतच नाहीत, कारण प्रत्येक सिनेमाच्या वेळी लीच्या केसांची ठेवण वेगळी होती.

आता तुमच्या यादीकडे.

पुठ्ठ्याचा चेहरा ही कंटिन्युइटीची चूक नव्हे. ती फसलेली ट्रिक आहे, तिला वेगळ्या रकान्यात घाला. मेकअपरूममध्ये डुप्लिकेट आरशासमोर बसला आहे आणि प्रतिबिंबाच्या जागी आरशावर लीच्या चेहऱ्याचं कापलेलं छायाचित्र चिकटवलं आहे. शॉट थांबवून पाहा: खालचं शरीर हलतं, वरचा चेहरा जागचा हलत नाही. खऱ्या प्रतिबिंबात माणूस एक इंच सरकला तर प्रतिबिंबही सरकतं. इथे ते नातंच तुटलेलं आहे, म्हणून एका क्षणातही डोळ्याला खटकतं.

काळे चष्मे, हेल्मेट, दाढी, बँडेज हा मुद्दाम घेतलेला निर्णय आहे. कथेत बिली लो या नटाच्या तोंडावर गोळी झाडली जाते, तो मेल्याचं भासवलं जातं आणि मग तो चेहरा बदलून वावरतो. म्हणजे गोळीनंतर चेहरा वेगळा दिसण्याला कथेचा आधार आहे. गोळीच्या आधीही चेहरा वेगळा दिसतो, त्याला मात्र आधार नाही. ती चूक. आणि सगळ्यात मोठी चूक याद्यांमध्ये फारशी येतच नाही: शेवटच्या भागात पॅगोड्यातलं १९७२चं साहित्य सुरू झालं की पडद्यावर लीचा मूळ, स्वच्छ चेहरा येतो. गोळीचा व्रण नाही, शस्त्रक्रियेची खूण नाही, दाढी नाही. ज्या सबबीवर तासभर वेगळा चेहरा चालवला, ती सबब तिथे स्वतः सिनेमाच मोडतो. लगेच पुढे खलनायक झालेल्या ह्यू ओब्रायनशी होणाऱ्या मारामारीत पुन्हा डुप्लिकेट. हा क्रम टिपणात नक्की घ्या.

ओठ आणि संवाद: त्या काळच्या हाँगकाँगमध्ये बहुतेक सिनेमे मुके चित्रित व्हायचे आणि आवाज नंतर भरला जायचा, तोही दोन-तीन भाषांत. ही पद्धत होती, चूक म्हणून मोजू नका. इथे तर बिलीचा इंग्रजी आवाजही लीचा नाही.

लाथ दोनदा बसते: हे हाँगकाँगचे संकलक जाणूनबुजून करतात. पहिल्या शॉटमध्ये लाथ लागते, मग दुसऱ्या कोनातला शॉट लाथ लागण्याच्या दोन-तीन चौकटी (फ्रेम) आधीपासून सुरू करतात. कट झाल्यावर डोळ्याला नवीन चित्र समजायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात आघात निघून जाऊ नये म्हणून. दोन-तीन चौकटींची पुनरावृत्ती असेल तर ती कारागिरी समजा. आठ-दहा चौकटी पुन्हा दिसल्या, किंवा पहिल्या शॉटला उजवा पाय आणि दुसऱ्याला डावा असेल, तर ती चूक.

एक गोष्ट चुकांच्या यादीत घालू नका अशी विनंती. बिलीच्या अंत्ययात्रेत हाँगकाँगमधल्या लीच्या खऱ्या अंत्यविधीचं चित्रण वापरलं आहे, शवपेटीतल्या चेहऱ्यासह. तांत्रिकदृष्ट्या ते जुळतं. पण हे चित्रण खरं आहे हे प्रेक्षकांना आधीच सांगायला हवं. एका माणसाच्या मृत्यूचं दृश्य कथेतल्या बनावट मृत्यूसाठी वापरलं आहे आणि मला ते गैर वाटतं.

---

चौकट_मोजणी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. नोंद करण्याची पद्धत आणि वेगाबद्दल सांगतो.

आधी आवृत्ती लिहा, मग चूक. या सिनेमाच्या चिनी आणि आंतरराष्ट्रीय आवृत्त्या एकसारख्या नाहीत. काचघरातली कॅसानोव्हा वाँग या नटाबरोबरची मारामारी चिनी आवृत्तीत आहे, इंग्रजी आवृत्तीत नाही. त्यामुळे ‘अमुक दृश्य गाळल्याने कथा तुटते’ असं लिहिण्याआधी तुमच्या हातात कुठली आवृत्ती आहे ते पाहा.

टाइमकोडचाही घोळ असतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. जुन्या युरोपीय पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ने चालतो, म्हणजे सुमारे ४ टक्के वेगाने. ब्लू-रेवर बरोबर १ तासाला येणारा शॉट पाल डीव्हीडीवर ५७ मिनिटं ३६ सेकंदांना येतो. अनेकांना ‘सांगितलेल्या जागी चूक दिसली नाही’ त्याचं कारण बहुधा हेच. दोन डिस्कमधली वेळ जुळवायची तर ब्लू-रेवरच्या वेळेला ०.९६ने गुणा, म्हणजे पाल डीव्हीडीवरची वेळ मिळते. सुरुवातीचे लोगो कमी-जास्त असतील तर पहिल्या कटपासून मोजायला लागा.

प्रत्येक नोंदीत एवढं हवं: आवृत्ती, पहिल्या शॉटच्या शेवटच्या चौकटीची वेळ, दुसऱ्या शॉटच्या पहिल्या चौकटीची वेळ, वस्तू कोणती, आधी कशी, नंतर कशी. आणि एक प्रश्न स्वतःला विचारून त्याचं उत्तर: मधल्या वेळात हा बदल घडू शकला असता का? कट सलग क्रियेतला असेल, म्हणजे हात उचलला एका शॉटमध्ये आणि तोच हात खाली आला पुढच्या शॉटमध्ये, तर मध्ये वेळच नाही. तिथला फरक पक्का. पण कॅमेरा मध्ये तिसऱ्या माणसावर चार सेकंद गेला असेल, तर तेवढ्यात नट घाम पुसू शकतो, काठी दुसऱ्या हातात घेऊ शकतो. तिथे ‘शंका’ लिहा, ‘चूक’ नको. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ कळ दाबली की एकेक चौकट पुढे सरकते. मागे जाता येत नाही, म्हणून कटच्या दोन सेकंद आधीपासून सुरू करा.

आता वेग. मारामारी जोरकस दिसावी म्हणून कॅमेरा २४ऐवजी २२ किंवा २० चौकटींवर चालवायची रीत होती. पडद्यावर ती २४नेच दिसते. २२वर चित्रित केलेली क्रिया ९ टक्के वेगवान होते, २०वर २० टक्के. हे वापरणं चूक नाही. चूक होते ती एकाच मारामारीत दोन वेगांचे शॉट शेजारी येतात तेव्हा. हाताच्या हालचालीवरून ठरवू नका, माणूस खरोखर वेगवान असू शकतो. पडणारी वस्तू पाहा. एक मीटर उंचीवरून सुटलेली जड वस्तू जमिनीवर यायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे २४च्या वेगाने ११ चौकटी. त्याच उंचीवरून ती ९ चौकटींत खाली आली तर शॉट सुमारे २०वर घेतला आहे. काठी, खुर्ची, फुटलेली फळी, काहीही चालतं. कापड, कागद आणि धूळ नको, हवेने ती रेंगाळतात. उंचीचा अंदाज शेजारच्या माणसाच्या कमरेवरून घ्या.

---

ज्ञानदा_पट

‘फिस्ट ऑफ फ्युरी’बद्दल. इथे एक तारीख पकडून चालावं लागेल. कथा हुओ युआनजिया या गुरूच्या मृत्यूपासून सुरू होते. हुओ हा खरा माणूस, मृत्यू शांघायमध्ये १९१० साली, आणि त्याच वर्षी त्याच्या नावाशी जोडलेली चिंगवू ही युद्धकलेची संस्था सुरू झाली. म्हणजे पडद्यावरचं साल १९१०. चेन झेन हा शिष्य (ब्रूस लीची भूमिका) काल्पनिक आहे. त्याला कुणी ऐतिहासिक व्यक्ती म्हणत असेल तर टिपणात खोडून काढा, कारण पुढच्या अनेक सिनेमा-मालिकांनी तोच पात्र म्हणून उचलल्यामुळे हा गैरसमज पसरला आहे. जपान्यांनी गुरूवर विषप्रयोग केला ही लोककथा आहे, सिनेमाने ती तथ्य म्हणून मांडली.

सगळ्यात ढळढळीत चूक डोक्यावर आहे. १९१०मध्ये चीनवर छिंग घराण्याचं राज्य होतं आणि हान पुरुषांनी पुढचं डोकं भादरून मागे लांब वेणी ठेवायची, असा १६४५पासूनचा हुकूम होता. शेवटच्या सम्राटाने १२ फेब्रुवारी १९१२ला गादी सोडली, वेण्या सरसकट गेल्या त्या त्यानंतर. परकीय वसाहतीत राहणाऱ्या आणि परदेशी शिकून आलेल्या काहींनी आधीच वेणी कापली होती, म्हणून एकट्या चेन झेनचे आखूड केस समर्थनीय ठरतील. पण आख्ख्या आखाड्यात एकालाही वेणी नाही आणि कित्येकांचे कल्ले १९७२च्या फॅशनचे, हे टिकत नाही.

दुसरी चूक जवळून पाहण्यासारखी आहे. जपानी आखाड्यातले लोक हाकामा घालतात, म्हणजे कमरेला बांधायचा घेरदार, चुण्यांचा पायघोळ. त्याच्या मागच्या बाजूला, कमरेच्या खळग्यात बसणारी एक ताठ, वर निमुळती होत जाणारी पट्टी असते. सिनेमात ती कित्येकांच्या पोटावर आहे. हाकामा उलटा घातला आहे! जपानी युद्धकला शिकलेल्या कुणालाही हे पहिल्या मिनिटाला दिसतं. वेषभूषेच्या चुका अशाच असतात, वस्तू योग्य असते, बांधणी चुकते.

नानचाकूही, म्हणजे साखळीने किंवा दोरीने जोडलेल्या दोन आखूड काठ्याही, तपासा. ते हत्यार म्हणून ओळखलं जातं ते ओकिनावा या जपानी बेटाच्या परंपरेतून. इथे चिनी शिष्य ते जपान्यांविरुद्ध वापरतो. चीनमध्ये जोडकाठ्यांचे प्रकार होते, म्हणून ‘अशक्य’ असं लिहू नका, पण पडद्यावरचा आकार आणि फिरवण्याची पद्धत ओकिनावाकडची आहे.

बागेची पाटी. ‘कुत्रे आणि चिनी यांना मनाई’ अशी एका ओळीची पाटी शांघायच्या हुआंगपू उद्यानाच्या दारावर होती, हे सिनेमाने जगभर रुजवलं. उद्यानाच्या नियमांच्या फलकावर ही दोन कलमं वेगवेगळी होती: एक बाग परदेशी समाजासाठी राखीव असल्याचं, दुसरं कुत्रे आणि सायकलींना मनाई करणारं. शब्द सिनेमाचे, पण बंदी खरी. चिनी लोकांना त्या बागेत प्रवेश मिळाला तो १९२८ साली. टिपणात ‘पाटी खोटी’ एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला अपमानच खोटा वाटेल आणि तो अन्याय होईल. दोन्ही वाक्यं एकत्र लिहा.

त्याच दृश्यात एक गोष्ट अचूक आहे आणि तिला उगाच चूक ठरवलं जातं. दारावरचा पहारेकरी शीख आहे. ‘शांघायमध्ये सरदारजी कुठून?’ असा प्रश्न हमखास येतो. आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलीस दलात १८८०च्या दशकापासून पंजाबातून भरती केलेले शीख शिपाई होते. साम्राज्याने एका गुलाम देशाचा माणूस दुसऱ्या देशाच्या माणसाला अडवायला उभा केला होता. आपल्या प्रेक्षकांना हे नक्की सांगा.

---

चित्रचौकट

तिघांचेही मनापासून आभार. चेहऱ्याचा क्रम आणि पाटीबद्दलची दोन वाक्यं जशीच्या तशी घेतो.

एक शंका उरली. पॅगोड्यात लीशी लढणाऱ्या करीम अब्दुल-जब्बार या बास्केटबॉलपटूच्या लाथेनंतर लीच्या पिवळ्या ट्रॅकसूटवर छातीवर भलामोठा धुळीचा ठसा उमटतो. तो पुढच्या शॉट्समध्ये कमी-जास्त होणं साहजिक की चूक? आणि अशा खुणा चित्रीकरणात सांभाळतात कशा? क्लबमधली काही मुलं लाठीच्या मारामारीवर लघुपट करणार आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

---

मधुरा_शॉटलिस्ट

ठसा ही कंटिन्युइटी शिकण्यासाठी अगदी आदर्श वस्तू आहे. जब्बार ७ फूट २ इंचांचा, त्यामुळे पाऊल लीच्या जवळजवळ छातीभर, आणि पिवळ्या कापडावर करडी धूळ. लपवायला काही जागाच नाही. नियम सोपा: ठसा फिका होत जाऊ शकतो, कारण माणूस लोळतो, कापड घासलं जातं. फिका झालेला ठसा पुन्हा गडद होऊ शकत नाही, आणि दुसरी लाथ न बसता जागा बदलू शकत नाही. त्यामुळे मारामारीतला प्रत्येक कट घेऊन ठशाला ० ते ४ असे गुण द्या. आकडे उतरत गेले तर ठीक, मध्येच चढले तर तिथे शॉट्सचा क्रम बदललाय किंवा वेगळा टेक वापरलाय.

१९७८च्या आवृत्तीत क्रम बदलायला एक ठोस कारणही होतं. लीच्या मूळ आराखड्यात त्याच्याबरोबर दोन साथीदार पॅगोडा चढतात, जेम्स टिएन आणि चिएह युआन. नव्या कथेत बिली एकटा आहे. म्हणून ज्या शॉटमध्ये ते दोघं दिसतात तो वापरायची सोय नव्हती, आणि मारामारी उरलेल्या तुकड्यांतून जोडावी लागली. जास्त लांबीचं मूळ चित्रण २०००च्या ‘अ वॉरियर्स जर्नी’ या माहितीपटात पाहायला मिळतं. तोच भाग दोन्हीकडे शेजारी लावून पाहा, कुठे काय गाळलंय ते लगेच कळेल. टिपणासाठी याहून चांगला पुरावा नाही.

लघुपटासाठी:

मारामारी कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. एका कोनातले सगळे शॉट आधी, मग उजेड बदलून दुसऱ्या कोनातले. म्हणजे सकाळी नववा आघात आणि दुपारी दुसरा. म्हणून मारामारीला आघातांचे आकडे द्या, आणि क्लॅपवर (टेकच्या सुरुवातीला धरायच्या पाटीवर) शॉटबरोबर तो आकडाही लिहा. कोणत्या आघातानंतर काय बदललं ते एका कागदावर: ४नंतर डावी बाही फाटली, ७नंतर ओठातून रक्त, ९नंतर लाठीला चीर. तो कागद दिग्दर्शक, फाइट मास्टर आणि मेकअपवाल्याकडे, तिघांकडे एकच.

कपड्यांचे किमान तीन जोड: कोरा, मळलेला, फाटलेला. डुप्लिकेट असेल तर त्याचेही तीन. एकच जोड धुऊन पुन्हा ‘कोरा’ म्हणून घालू नका, सुती कापड एका धुण्यात रंग सोडतं आणि ते कॅमेऱ्यात दिसतं. लाठ्याही किमान तीन, एकाच उंचीच्या, आणि गाठी सारख्या जागी असलेल्या. बांबूच्या गाठी म्हणजे लाठीचे बोटांचे ठसे, प्रेक्षकाला न कळताही त्याच्या डोळ्यात भरतात.

प्रत्येक टेकच्या आधी नव्हे, टेक संपल्या संपल्या फोटो काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, हात आणि पाय असे सहा. नट हलायच्या आत. पुढचा शॉट जिथे जोडायचा ती अवस्था टेकच्या शेवटची असते. फोटोत क्लॅप धरलेली असू द्या, नाहीतर दोनशे फोटोंत कुठला कशाचा ते सापडत नाही. शिवाय लिहून ठेवा: कुठला पाय पुढे, लाठीवर वरचा हात कुठला, बटणं किती उघडी, नजर कॅमेऱ्याच्या डावीकडे की उजवीकडे.

ठसा हाताने धूळ फासून करू नका. जाड कागदावर पावलाचा आकार कापून साचा करा, मुलतानी माती आणि कोळशाची पूड मिसळून कोरड्या स्पंजने थोपटा. साच्याची जागा मोजून घ्या, उदाहरणार्थ चेनीपासून ४ सेंमी, गळ्याच्या शिवणीपासून १८ सेंमी. ठसा उमटलेले दोन-तीन जोड वेगवेगळ्या गुणांचे करून ठेवले की मागे-पुढे जाता येतं. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं. नुसतं पाणी दिव्यांखाली दोन मिनिटांत वाळतं आणि एका शॉटमध्ये ओला चेहरा, पुढच्यात कोरडा. पण ग्लिसरीन तळहातांना लागू देऊ नका. लाठी सटकते आणि समोरच्याच्या तोंडावर जाते.

---

संकलनवेडा

मधुराताईंच्या शून्य ते चार गुणांच्या पद्धतीला एक जोड. ठशाचे गुण देताना चित्राची चमक एकसारखी हवी. काही डिस्कवर लीचं जुनं चित्रण आणि नवीन चित्रण वेगवेगळं रंगवलेलं आहे, त्यामुळे ठसा गडद झाल्यासारखा वाटतो. त्याच चौकटीत सूटवरचा काळा पट्टा दिसत असेल तर आधी त्याच्याशी तुलना करा. पट्टाही तेवढाच गडद झाला असेल तर तो रंगसुधाराचा फरक, ठशाचा नव्हे.